लग्नासाठी परक्या बेटावर

1969 सालच्या मार्च महिन्याच्या 20 तारखेला जॉन लेनन हा इंग्रज गायक आणि योको ओनो ही जपानी कलावंत विमानाने जिब्राल्टरला उतरली. तेथील निबंधकापुढे दोघांनी सह्या केल्या आणि तासाभरात ती परत विमानात बसली. वृत्तपत्रांना ही एका लहरी गायकाची आणखी एक लहर वाटली. वस्तुतः त्यामागे लहरीपेक्षा कायद्याची अडचण अधिक होती. समुद्रात जहाजावर विवाह करण्याचा बेत फसला होता. फ्रान्समध्ये वास्तव्याची अट आडवी आली होती. जिब्राल्टर हा ब्रिटिश अमलाखालचा खडक असल्याने आणि तेथे विशेष परवान्यावर तातडीने विवाह होऊ शकत असल्याने या जोडप्याला तेथे जावे लागले.

योगायोग असा, की त्याच वर्षाच्या 31 ऑगस्टला आपल्या देशात विदेशी विवाह कायदा झाला. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला तेथील आपल्या वकिलातीत विवाह करता यावा, त्याची जोडीदार परकीय असली तरी करता यावा, हा त्याचा हेतू. हेतू चांगला होता. पण आज जर्मनीत, नेदरलंडमध्ये किंवा आयर्लंडमध्ये नोकरी करणारा मराठी तरुण परदेशी मुलीशी लग्न ठरवतो, तेव्हा या कायद्याकडे तो क्वचितच वळतो. बहुधा डेन्मार्कमधील एखाद्या नगरपालिकेकडे तो चौकशी करतो.

डेन्मार्कच्या दक्षिणेस एरो नावाचे एक बेट आहे. वस्ती सुमारे सहा हजार. स्वेंडबोर्ग बंदरातून फेरीबोटीने तेथे जाण्यास सव्वा तास लागतो. जुनी बुटकी घरे, दगडी रस्ते, किनाऱ्यावर रंगीत लाकडी खोपटी, असे हे बेट एरवी उन्हाळ्यातील प्रवाशांपलीकडे कोणाला ठाऊक होण्याचे कारण नव्हते. तेथे आता वर्षाकाठी हजारोंनी विवाह होतात आणि त्यांतील बहुतेक वधूवरांचा डेन्मार्कशी काडीचाही संबंध नसतो. एक जर्मन तर दुसरी भारतीय, एक पोलिश तर दुसरा ब्राझीलचा. जर्मन सरहद्दीलगतचे ट्योनर हे गावही याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. 1 जानेवारी 2019 पासून अशा परकीय जोडप्यांची कागदपत्रे तपासण्याचे काम तेथील सरकारने नगरपालिकांकडून काढून एका मध्यवर्ती कार्यालयाकडे दिले, कारण निवासाच्या परवान्यासाठी होणारी खोटी लग्ने रोखणे आवश्यक वाटू लागले. तपासणी कडक झाली. दार मात्र बंद झाले नाही. पासपोर्ट, कायदेशीर वास्तव्याचा पुरावा, पूर्वीचा विवाह असल्यास घटस्फोटाचा निर्णय, आणि दोघांचा परिचय खरा असल्याचे दाखवणारे काही कागद, एवढे समोर ठेवले आणि त्यांत शंकास्पद काही नसले, तर पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर मिळते. मिळालेली परवानगी चार महिने चालते. पुढचा सोहळा काही मिनिटांचा. अधिकारी दोघांना विचारतो, दोघे ‘हो’ म्हणतात, दोन साक्षीदार असतात. साक्षीदार नसतील तर नगरपालिकाही ते देते. हाती पडणारा दाखला डॅनिशसह पाच भाषांत असतो.

या तत्परतेचे आपल्याला नवल वाटते. पण नवल त्याचे नव्हे. सज्ञान स्त्री-पुरुषांना आपापल्या गावी सोडून समुद्र ओलांडून अशा बेटावर का यावे लागते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सर्वत्र एक नाही.

पश्चिम आशियात ते उत्तर धर्मसत्तेच्या हाती आहे. इस्रायलमध्ये नागरी विवाह ही गोष्टच नाही. तुर्की साम्राज्याच्या काळात विवाह ज्या त्या धर्मपीठाकडे सोपवलेला होता; ती व्यवस्था ब्रिटिशांनी ठेवली आणि 1953 च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडे पक्के झाले. तेव्हा ज्यू पुरुष आणि ख्रिस्ती स्त्री यांनी लग्न करावे कोठे? विमानाने तासाभराच्या अंतरावरील सायप्रसमध्ये. अशाच एका ज्यू रहिवाशाने बेल्जियन ख्रिस्ती स्त्रीशी सायप्रसमध्ये विवाह केला आणि सरकारने त्याची नोंद करण्याचे नाकारले. 1963 साली फंक-श्लेसिंगर खटल्यात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परदेशात झालेल्या विवाहाचा दाखला समोर आल्यावर नोंदणी अधिकाऱ्याने नोंद करावी; विवाहाच्या वैधतेचा न्यायनिवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. गेली साठ वर्षे या एका निर्णयावर हजारो संसार उभे आहेत. मार्च 2023 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, अमेरिकेतील यूटा राज्याच्या अधिकाऱ्यासमोर दूरचित्रसंवादाने झालेले विवाहही नोंदवावेत असा निर्णय दिला. म्हणजे आता घरच्या दिवाणखान्यात बसूनच परदेशी जाता येते!

लेबाननची तऱ्हा याहून विलक्षण. तेथे प्रत्येक पंथाचा विवाहविषयक कायदा वेगळा आणि नागरी विवाहाचा कायदाच नाही. परंतु परदेशात केलेला नागरी विवाह राज्य मान्य करते. त्यामुळे सायप्रसमध्ये लग्न केलेल्या दांपत्याचा वाद बैरुतच्या नागरी न्यायालयात आला, तर न्यायाधीशाला सायप्रसचा कायदा लावावा लागतो. स्वतः कायदा करावयाचा नाही आणि शेजाऱ्याचा मात्र वापरावयाचा, हा राजकीय शहाणपणा म्हणावा की भित्रेपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जर्मनीची गोष्ट निराळी. तेथे 1875 च्या साम्राज्यकालीन कायद्यापासून नागरी विवाह देशभर सक्तीचा आहे. धर्मपीठाचा अडसर नाही. अडसर आहे तो कागदांचा. परकीय व्यक्तीने आपल्या देशाकडून विवाहक्षमतेचा दाखला आणावा, असे तेथील दिवाणी संहिता सांगते. भारत असा दाखला देत नाही. मग त्यातून सूट मिळावी म्हणून उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षाकडे अर्ज जातो, आणि मिळालेली सूट सहा महिनेच टिकते. परदेशी दस्तऐवजांवरील मोहोर परस्पर मान्य करण्याचा हेगचा करार भारताच्या बाबतीत 2005 साली अमलात आला. परंतु जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली. परिणामी भारतीय जन्मदाखला खरा आहे की नाही, हे भारतातील जर्मन प्रतिनिधींमार्फत, स्थानिक वकिलाकडून प्रत्यक्ष चौकशी करून ठरते. त्यात महिने जातात. एक कागद हाती येईपर्यंत दुसरा शिळा होतो.

पुण्यातील एका शिक्षक दांपत्याच्या मुलाची हकीकत मी जवळून पाहिली आहे. मुलगा अभियंता, जर्मनीत नोकरीस, मुलगी तेथलीच. दोन्ही घरची संमती. मुलाचा जन्म आपल्या रीतीप्रमाणे आईच्या माहेरी झालेला. तेथील नगरपालिकेच्या दप्तरात जन्माची नोंद चौथ्या दिवशी झाली, बारसे बाराव्या दिवशी. त्यामुळे दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी. आईचे नाव सुइणीने की आजोबांनी सांगितले कोण जाणे, पण ते माहेरचे लिहिले गेले. सासरी आल्यावर तिचे केवळ आडनाव नव्हे, तर पाळण्यातले नावही बदलले होते. लग्नात तांदळावर अंगठीने लिहिलेले ते नवे नाव तिच्या पासपोर्टावर, शाळेच्या सेवापुस्तकात आणि मुलाच्या सर्व प्रमाणपत्रांवर. आता जर्मन अधिकाऱ्याने काय समजावे? जन्मदाखल्यानुसार या तरुणाची आई एक स्त्री आहे आणि पासपोर्टानुसार दुसरी. आणि ज्याचा हा दाखला आहे, त्याचे नावच दाखल्यावर नाही. आपल्याकडील निम्म्या घरांत हीच स्थिती असेल आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही, कारण ‘ती हीच’ हे सांगायला सगळी आळी हजर असते. परक्या देशातील टेबलापुढे आळी नेता येत नाही.

प्रतिज्ञापत्रे झाली, राजपत्राचा उतारा शोधला गेला, नगरपालिकेत खेटे झाले, शपथबद्ध भाषांतरकाराकडून सर्व कागद जर्मन भाषेत आणले गेले. यात अकरा महिने गेले. शेवटी ते दोघे एरो बेटावर गेली आणि एका बुधवारी सकाळी त्यांचे लग्न लागले. आईवडिलांना युरोपचा व्हिसा वेळेत मिळाला नाही. ज्या गृहस्थांनी आयुष्यभर इतरांच्या मुलांची लग्ने पुढे उभे राहून पार पाडली, त्यांना आपल्या एकुलत्या मुलाचे लग्न दूरध्वनीच्या पडद्यावर पाहावे लागले. अक्षता त्यांनी ताटात काढून ठेवल्या होत्या. त्या तशाच राहिल्या, हे ते कोणावर रोष न धरता सांगतात.

मराठी माणसाला परदेशात परकीय जोडीदाराशी विवाह करणे नवीन नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी 1941 साली चीनमध्ये, युद्धाच्या धामधुमीत, क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांनी मेक्सिकोत असताना बेल्जियन स्त्रीशी. परंतु ते क्रांतिकारकांचे, अपवादांचे जग होते. आज ही सामान्य शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरची बाब झाली आहे, आणि म्हणून तिच्यातील कायद्याचे खाचखळगे सर्वांना माहीत असणे अगत्याचे आहे.

पहिला गैरसमज असा, की बेटावर सह्या झाल्या म्हणजे सर्व मिटले. विवाहाचा विधी कसा व्हावा हे विधी जेथे होतो त्या देशाचा कायदा ठरवतो; पण विवाह करण्यास ती व्यक्ती पात्र आहे काय, हे साधारणतः तिच्या स्वतःच्या देशाचा कायदा ठरवतो. वय, पूर्वीचा विवाह, निषिद्ध नाते यांबाबत भारतीय नागरिकाला डेन्मार्कमध्ये जाऊन सुटका नाही. शिवाय विवाहाने निवासाचा परवाना आपोआप मिळत नाही. आणि पुढे जर्मनीत विवाहाची किंवा अपत्याची नोंद करावयाची झाली, की तोच जन्मदाखला पुन्हा टेबलावर येतो. बेटाच्या प्रवासाने कागदांची पीडा संपत नाही, तिचा क्रम बदलतो: आधी लग्न, मग कागद. दोघांना एकत्र राहावयाचे असते, तेव्हा हा क्रमही काही लहान गोष्ट नसते.

दुसरा गैरसमज घरचा. मुलगा-सून पुण्याला आली, मंगलाष्टके झाली, सप्तपदी झाली, म्हणजे ‘आपले’ लग्न झाले अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. हिंदू विवाह कायदा दोन हिंदूंमधील विवाहालाच लागू होतो. वधू ख्रिस्ती राहिली असेल, तर त्या सप्तपदीला समारंभाचे मोल आहे, कायद्याचे नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती-हिंदू विवाहाच्या प्रकरणी हे स्पष्ट केले आहे. कायद्याचे मोल डेन्मार्कमधील त्या दाखल्याला आहे. तेव्हा तो डॅनिश परराष्ट्र खात्याच्या मोहोरेसह जपून ठेवावा, आणि 1969 च्या विदेशी विवाह कायद्याच्या सतराव्या कलमाखाली आपल्या वकिलातीत त्याची नोंद होते का ते पाहावे. परदेशी पत्नीला पुढे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ हे कार्ड हवे असेल, तर नोंदलेला विवाह सतत दोन वर्षे टिकलेला असावा लागतो. म्हणून ही नोंद लवकर झालेली बरी.

तिसरी गोष्ट कोणी लग्नाच्या वेळी बोलत नाही, पण बोलली पाहिजे. संसार मोडला तर कोणाच्या दारात जावयाचे? ज्या बेटावर सह्या झाल्या तेथे एरवी कोणी राहिलेले नसते. केवळ तेथे लग्न झाले, एवढ्यावर तेथील न्यायालय आपले नव्हे. परदेशात झालेल्या आणि निदान एक पक्ष भारतीय असलेल्या विवाहाला आपल्या विशेष विवाह कायद्याची घटस्फोट व पोटगीविषयक कलमे लागू करण्याची तरतूद विदेशी विवाह कायद्याच्या अठराव्या कलमात आहे. आणि परदेशी न्यायालयाने दिलेला प्रत्येक घटस्फोट भारतात मान्य होईलच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली नरसिंह राव खटल्यात सांगितले. हे वकिलाला लग्नापूर्वी विचारावे. अपशकुनाच्या भीतीने न विचारणाऱ्यांना ते पुढे महागात पडते.

मग आपला स्वतःचा कायदा, वकिलातीत लग्न लावून देणारा, का उपयोगी पडत नाही? एक कारण जर्मनीचे: वधूवरांपैकी एक जर्मन नागरिक असेल, तर त्या भूमीवर जर्मन निबंधकाखेरीज कोणी लग्न लावू शकत नाही. परंतु दुसरे कारण आपले आहे. तीस दिवसांचे वास्तव्य, मग नोटीस, ती वकिलातीच्या फलकावर, शिवाय भारतात प्रसिद्धी, मग हरकतींसाठी तीस दिवसांची प्रतीक्षा. ही सारी रचना मायदेशीच्या 1954 च्या विशेष विवाह कायद्यावरून उचललेली आहे. आणि त्या कायद्याचा इतिहास फार बोलका आहे.

1872 साली ब्राह्मो समाजाच्या, विशेषतः केशवचंद्र सेनांच्या आग्रहाने पहिला नागरी विवाह कायदा झाला, तेव्हा त्याचा लाभ घेणाऱ्याला आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही असे लिहून द्यावे लागे. 1923 साली हरिसिंग गौरांच्या प्रयत्नाने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपसांत ही कबुली न देता विवाह करता येऊ लागला. 1954 मध्ये धर्माची अट सर्वांसाठी गेली. प्रत्येक पायरीवर सनातन्यांनी विरोध केला आणि प्रत्येक पायरीवर राज्य थोडे पुढे आले. पण नोटिशीचा फलक मात्र राहिला. दोन सज्ञान माणसे लग्न करणार आहेत, त्यांचा पत्ता हा असा आहे, कोणाची हरकत असल्यास कळवावे, असे सरकारी भिंतीवर लावणे म्हणजे ज्यांची हरकत कायद्याने ग्राह्यच नाही त्यांना आमंत्रण देणे होय. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये ही नोटीस जोडप्याच्या इच्छेवर सोडली. कायदा मात्र आहे तसाच आहे. गोव्यात पोर्तुगीज अमलापासून नागरी विवाह सर्वधर्मीयांना आहे. आधी इरादा नोंदवून पहिली सही, मुदतीनंतर दुसरी. ही मुदत तिथेही आहे, परंतु सगळेच त्या वाटेने जात असल्यामुळे कोणा एकावर तिचा रोख राहत नाही. महाराष्ट्रात ‘रजिस्टर लग्न’ हा शब्द अजून दबक्या आवाजात उच्चारला जातो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. परदेशस्थ नवरदेवांनी येथील मुलींशी लग्ने करून त्यांना वाऱ्यावर सोडल्याची उदाहरणे आपल्या प्रत्येक शहरात आहेत. कायदा सैल केला तर ही लबाडी वाढेल, असे म्हटले जाते. पण थोडा विचार करावा. त्या मुलींची लग्ने थाटामाटाने, शेकडो पाहुण्यांसमोर, दोन्ही घरच्या संमतीने झाली होती. त्यांना नोटिशीच्या फलकाने वाचवले नाही, पाहुण्यांनीही नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी 2024 च्या आपल्या 287व्या अहवालात अनिवासी भारतीय व परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी आणि पासपोर्टात विवाहाचा उल्लेख असावा अशी शिफारस केली. हा उपाय दुखण्याच्या मुळाशी जाणारा आहे. लबाडाला भीती नोंदीची असते. एखादा मनुष्य आधीच विवाहित आहे किंवा नाही, हे निबंधकाला जागच्या जागी कळले, तर तीस दिवस भिंतीकडे पाहत बसण्याचे कारण उरत नाही. आणि अविवाहित असल्याचा विश्वासार्ह दाखला वकिलातीला एका आठवड्यात देता येईल. डेन्मार्कच्या कार्यालयाला ते जमते, कारण त्याने आपले प्रश्न मोजके ठेवले आहेत: वय काय, संमती खरी का, दुसरा जोडीदार आहे का, नाते निषिद्ध आहे का, आणि लग्न परवान्यासाठी केलेले सोंग तर नाही ना. आपल्या राज्यव्यवस्थेला याहून अधिक जाणून घेण्याचा अधिकार नाही.

जे जोडपे एकाच लिंगाचे आहे, त्याची कोंडी याहून मोठी. डेन्मार्कने 2012 पासून अशांना विवाहाचा हक्क दिला; आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी तो प्रश्न संसदेकडे टोलवला. त्यांचा बेटावरचा दाखला मुंबईच्या विमानतळावर उतरताच निरुपयोगी होतो.

संसदेने विशेष विवाह आणि विदेशी विवाह या दोन्ही कायद्यांतील जाहीर नोटिशीची कलमे रद्द करावीत. परराष्ट्र खात्याने जर्मनीशी बोलून दस्तऐवजांच्या मोहोरेचा प्रश्न मिटवावा. त्यासाठी आपले दाखले विश्वास ठेवण्याजोगे करणे मात्र आपल्याच हाती आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदाही, पुन्हा योगायोगाने, 1969 चाच. कोऱ्या जागी मुलाचे नाव नंतर भरून घेण्याची सोय त्याच्या चौदाव्या कलमात प्रथमपासून आहे; लोक ती वापरत नाहीत आणि नगरपालिका तिची आठवण देत नाहीत. 2023 च्या दुरुस्तीनंतर जन्मदाखल्याचे महत्त्व कितीतरी वाढले आहे. शाळेत पहिलीत नाव घालतानाच मुख्याध्यापकांनी तो दाखला पाहावा, नाव कोरे असेल तर पालकांना नगरपालिकेत पाठवावे, आणि आईचे माहेरचे व सासरचे नाव दोन्ही दाखल्यावर येईल असा नमुना राज्य शासनाने काढावा. यासाठी संसदेची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडताना हे सुरू करता येईल.